बर्फावरची सहल

बेळगाव-खानापूर भागातील माणसाला थंडी चांगली ठाऊक असते. बर्फ ठाऊक नसतो. पौषातल्या पहाटे मिस्साला येणारी मंडळी कानटोप्या आणि शाली घेऊन येतात, खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि एवढ्यावरच आपण हिवाळा पाहिला असे आपणांस वाटते. परंतु आता आपल्यातील कितीतरी मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी जर्मनी, कॅनडा अशा देशांत राहू लागली आहेत. गेल्या नाताळात रजेवर आलेल्या अशाच तिघांनी आम्हांस विचारले, "फादर, आम्ही मित्रमंडळी शनिवार-रविवार धरून स्कीइंगला जाणार आहोत. तुम्ही रोमला असताना गेला होता म्हणे! काय काय पाहावे लागते?" या प्रश्नाचे उत्तर चहाच्या एका पेल्यात मावण्याजोगे नव्हते, म्हणून ते येथे सवडीने लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन्ही पायांत जड, ताठ बूट घालावयाचे. त्या बुटांना टोकाशी वर वळलेल्या दोन लांब पट्ट्या अडकवावयाच्या. हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या. आणि बर्फाच्या उतारावरून स्वतःस सोडून द्यावयाचे. सोडून देणे सोपे आहे. थांबणे हीच विद्या.

सन २०१२ च्या प्रारंभी आम्ही (येथे 'आम्ही' म्हणजे प्रस्तुत लेखक एकटाच) रोममध्ये उच्च शिक्षणासाठी राहत होतो. वसतिगृहाच्या भोजनगृहात एका टेबलाशी पाच विद्यार्थी-धर्मगुरू नेहमी एकत्र बसत. एक पोलंडचा, तात्रा पर्वताच्या पायथ्याचा. चालावयास लागण्यापूर्वी तो घसरावयास लागला असावा. दुसरा दक्षिण टिरोलचा, म्हणजे पारपत्राने इटालियन आणि मातृभाषेने जर्मन. तोही बर्फातच वाढलेला. तिसरा नायजेरियाचा, चौथा केरळचा आणि पाचवे आम्ही. परीक्षा संपल्यावर दोन दिवस बर्फावर घालवावेत अशी टूम निघाली आणि पहिल्याच रात्री टेबलाचे दोन तट पडले.

टिरोली मित्राला डोलोमाइटखेरीज दुसरा पर्वत पर्वतच वाटेना. परंतु रोमहून तेथवर सहाशेंहून अधिक किलोमीटरांची वाट. दोन दिवसांच्या सहलीतले दीड दिवस मोटारीतच जावयाचे. पोलिश मित्राने अब्रुत्सो प्रांताचे नाव काढले. रोमच्या पूर्वेस तासा-दीड तासाच्या अंतरावर हे डोंगर आहेत, आणि त्यांचा लौकिक त्याला विशेष प्रिय होता. कारण १९८१ च्या जानेवारीत पोप दुसरे जॉन पॉल गाजावाजा न करता, मोजक्या सोबत्यांसह मोटारीने याच डोंगरांत स्की करावयास गेले होते. पुढे १९८४ च्या जुलैमध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी यांच्यासमवेत ते आल्प्समधील अदामेल्लोच्या हिमनदीवरही गेले. "पोपमहोदय ज्या उतारावर गेले त्या उतारावर आपण जाऊ," असे पोलिश मित्र म्हणाला. त्यावर टिरोली उत्तरला, "पोपमहोदयांना स्की येत होते. आपल्यात दोघे असे आहेत, ज्यांनी बर्फ फक्त सरबतात पाहिला आहे." केरळचा मित्र आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. या एका वाक्याने जागेचा निकाल लागला. निपुणांना कोठे मौज येईल हे न पाहता नवशिक्यांना कोठे उभे राहता येईल हे पाहावयाचे ठरले, आणि अब्रुत्सोतीलच काम्पो फेलिचे हे ठिकाण निवडले गेले. नावाचा अर्थ 'सुखी मैदान'. सुमारे पंधराशे मीटर उंचीवर डोंगरांच्या कुशीत विस्तीर्ण पठार, त्याच्या कडेला शिकणाऱ्यांसाठी सौम्य उतार, आणि वर दोन हजार मीटरांच्या आसपास चढलेले अवघड उतारही. त्यामुळे निपुणही उपाशी राहणार नव्हते.

मुक्कामाचा प्रश्न अधिक नाजूक होता. हा लाक्विला जिल्ह्याचा मुलूख. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात ३०९ माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि तीन वर्षे होत आली तरी शहराचा जुना भाग कुलूपबंद होता. पठाराजवळच्या एका खेड्यातील वृद्ध धर्मगुरू आमच्या पोलिश मित्राच्या ओळखीचे. त्यांच्या चर्चच्या भिंतींना लाकडी टेकू दिलेले. कितीतरी कुटुंबे सरकारने बांधून दिलेल्या लाकडी घरांत राहत होती. अशा ठिकाणी आपण हसत-खिदळत जावे काय? हा प्रश्न नायजेरियन मित्राने काढला, आणि तो काढल्याबद्दल आम्हांस त्याच्याविषयी आदर वाटला. शेवटी त्या वृद्धांनाच दूरध्वनी करून विचारले. ते म्हणाले, "बाळांनो, हे गाव हिवाळ्यावर जगते. तुम्ही घरी बसून हळहळलात तर इथल्या खानावळीची चूल पेटत नाही. या, आणि येताना भूक घेऊन या." राहण्याचे पैसे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. आम्ही एक वेळचे जेवण गावातल्या खानावळीत घ्यावे एवढीच त्यांची अट.

तारीख ठरविताना मात्र निसर्गाने थट्टा केली. पहिला बेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचा होता. ३ फेब्रुवारीला प्रत्यक्ष रोममध्येच असा हिमवर्षाव झाला की कॉलोसियमची दारे बंद करावी लागली, आणि संत पेत्राच्या चौकात गंभीर चेहऱ्यांचे धर्मगुरू एकमेकांस बर्फाचे गोळे मारताना दिसू लागले. अब्रुत्सोत तर कितीतरी गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. अति बर्फामुळे बर्फावरची सहल रहित झाली! पुढे पाहावे तर १८ व १९ तारखेचा शनिवार-रविवार कार्निव्हलचा. त्या दोन दिवशी निम्मे रोम डोंगरावर लोटणार. २२ ला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळ सुरू. शिवाय आम्हांपैकी प्रत्येकास रविवारी कोठल्या ना कोठल्या धर्मग्रामात मिस्सासाठी जावे लागे. अखेर रविवारी सायंकाळी निघावे, सोमवार आणि मंगळवारची सकाळ बर्फावर काढावी, आणि राख लावून घेण्यास वेळेवर परतावे असे ठरले. सगळ्या जगाचा शनिवार-रविवार संपला की धर्मगुरूंचा सुरू होतो. पण त्याचा लाभही झाला: सोमवारी गर्दी कमी आणि दरही उतरलेले. ज्यांना रजा जुळवता येईल त्यांनी ही युक्ती अवश्य वापरावी.

आता पैसा. सहलीत मैत्री बिघडते ती बहुधा येथे, आणि ती बिघडलेली कोणी बोलून दाखवीत नाही. ज्याच्या खिशात कमी असते तो "मला प्रबंध पुरा करावयाचा आहे" असे सांगून बाजूस होतो. पोलिश मित्राने यावर एक तोड काढली. प्रत्येकाने चिठ्ठीवर, नाव न घालता, आपल्याला सुखाने खर्चता येईल ती रक्कम लिहावी. पाचही चिठ्ठ्या त्याच्या टोपीत टाकाव्या. आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा हाच सहलीचा माणशी आकडा. टोपीतून निघालेला लहान आकडा फारच लहान होता. तो कोणाचा हे आजतागायत कोणास ठाऊक नाही. त्या आकड्यात सहल बसविण्यासाठी मग बरीच काटछाट झाली आणि असे दिसून आले की काटलेल्या पुष्कळ गोष्टी मुळातच अनावश्यक होत्या. उदाहरणार्थ, नवशिक्याने दिवसभराचा पूर्ण पास घेऊ नये. पहिले काही तास तो पायथ्याच्या सरकत्या पट्ट्यापलीकडे जातच नाही. पट्ट्या, बूट, काठ्या व शिरस्त्राण तेथेच भाड्याने मिळतात. विकत घेण्याचा मोह टाळावा. एका बाबतीत मात्र टिरोली मित्राने काटकसर होऊ दिली नाही. आम्हां दोघां नवशिक्यांसाठी दोन तास परवानाधारक शिक्षक हवाच, असा त्याचा आग्रह. "तूच का शिकवीत नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "मित्र शिकवावयास लागला की दोन तासांत गुडघा तरी मोडतो नाहीतर मैत्री तरी." हे वाक्य आम्ही पुढे स्वयंपाक शिकविण्यापासून मोटार शिकविण्यापर्यंत सर्वत्र खरे ठरलेले पाहिले आहे.

एके संध्याकाळी त्याने आम्हांपुढे एक कागद ठेवला. त्यावर वय, उंची, वजन, पावलाचे माप आणि 'किती येते' असे रकाने. केरळच्या मित्राने लाजून वजनातले सात-आठ किलो गाळले. टिरोलीने त्याच्याकडे नीट पाहिले आणि कागद परत दिला. मग त्याने समजावून सांगितले ते असे: बूट पट्टीला धरून ठेवणाऱ्या खटक्याला एक स्प्रिंग असते. माणूस पडला की तो खटका सुटला पाहिजे, म्हणजे पट्टी वेगळी होते आणि पाय वाचतो. ती स्प्रिंग किती आवळावयाची हे वजन, उंची, वय, बुटाचा तळ आणि कौशल्य यांवरून ठरते. वजन कमी सांगितले तर पट्टी भलत्या वेळी सुटते. कौशल्य वाढवून सांगितले तर पडल्यावरही सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. "दुकानदारापाशी खोटे बोलू नका," तो म्हणाला, "कारण ते खोटे तो तुमच्या पायाला बांधून देतो." केरळच्या मित्राने मुकाट्याने आकडा दुरुस्त केला.

नायजेरियन मित्राने आरंभीच सांगून टाकले होते की तो पायांना पट्ट्या बांधणार नाही. ज्या देवाने त्याला सपाट भूमीवर जन्मास घातले त्याच्याशी त्याला वाद घालावयाचा नव्हता. कोणी म्हणेल, मग अशा माणसाने बर्फावर जावे कशाला? परंतु स्कीच्या सहलीत न खेळणारा एक तरी हवाच, असे आमचे मत झाले आहे. खेळणारे चार वाजता परततात ते ओले, भुकेले आणि किंचित चिडलेले असतात. त्या वेळी शेगडी पेटलेली असणे हे सहलीचे निम्मे सुख. त्याने आपल्या देशचे झणझणीत मिरीचे सूप करण्याचे स्वतःकडे घेतले; दिवसा बर्फावर चालण्याचे रुंद जोडे घालून तो पठारावर हिंडणार होता, आणि रात्रीच्या कार्यक्रमाचा तोच अध्यक्ष. आमच्या वाट्यास खिशातला खाऊ आला. नुकत्याच आलेल्या एका पाहुण्यांनी घरून शेंगदाण्याची चिक्की आणली होती. थंडीत, उतारावर, हातमोजे न काढता खाण्यास गुळाच्या चिक्कीसारखा पदार्थ नाही, ही बेळगावची बाजू आम्ही तेथे ठामपणे मांडली. मोटार उसनी मिळाली होती. तिच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या बांधण्याचा सराव वसतिगृहाच्या अंगणात, लख्ख उन्हात, द्वारपालाच्या देखत करावा लागला. तो सद्गृहस्थ पुढे महिनाभर आम्हांस 'साखळदंडवाले' म्हणत असे.

एवढे सर्व ठरल्यावर, निघण्याच्या दोन दिवस आधी, पोलिश मित्राने सहज म्हटले की एवढा ताजा बर्फ पडला आहे, तर आखलेली वाट सोडून बाजूच्या कोवळ्या बर्फातून एकदा तरी उतरू. टिरोली मित्र नेहमी चटकन उत्तर देणारा. या वेळी तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आपल्या चुलतभावाविषयी सांगितले.

तो भाऊ बावीस वर्षांचा, स्कीत तरबेज. बरोबर चार मित्र, सगळे तसेच. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याचे पाच अंश मानतात, आणि रोजचे पत्रक निघते. त्या दिवशी तिसरा अंश होता. बाहेर पडण्यास बंदी नव्हे, पण जपावे असा. उताराच्या माथ्यावर पाचहीजण उभे राहिले. पाचहीजणांच्या मनात शंका होती. हे नंतर वाचलेल्या चौघांनी एकेकट्याने सांगितले. परंतु प्रत्येकास वाटले, भ्याला असे म्हणवून का घ्या. धोका असता तर दुसरा कोणी बोललाच असता. कोणी बोलले नाही. पहिला उतरला तो हा भाऊ, आणि बर्फाची लादी त्याच्याच भाराने सुटली. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत असेच घडते. लादी सोडविणारा तो स्वतः किंवा त्याच्याच टोळीतला कोणी असतो. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा मोठी; पुढे ती झपाट्याने मावळते. त्याला काढावयास चाळीस मिनिटे लागली.

टेबलाशी कोणी काही बोलेना. मग त्याने सहलीचा एकच नियम सांगितला: आखलेली वाट सोडावयाची नाही, आणि आखलेल्या वाटेवरही पाचांतल्या एकाने 'नको' म्हटले की नको. कारण विचारावयाचे नाही, हसावयाचे नाही. पोलिश मित्राने त्याचा हात हातात घेतला.

प्रत्यक्ष दोन दिवसांविषयी थोडक्यातच सांगतो. इटालियन लोक घसरणीच्या आखलेल्या वाटेला 'पिस्ता' म्हणतात. निळा पिस्ता सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड. हिरवा पिस्ता तेथे नाहीच, हे ऐकून केरळच्या मित्राने खेद व्यक्त केला. शिक्षकांनी पहिला धडा दिला तो पडण्याचा: बाजूला, चढाच्या अंगास पडावे, आणि उठताना पट्ट्या उताराला आडव्या, अंगाच्या खालच्या बाजूस आणाव्या. दुसरा धडा थांबण्याचा: पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची दूर, अशी पाचर करावयाची. दोन तासांत आम्ही पाचर करावयास शिकलो, आणि दुपारी निपुण दोघांच्या मध्ये राहून एक निळा पिस्ता उतरलो. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने १९६७ साली वागणुकीचे दहा नियम घालून दिले. त्यांतला एक आम्हांस फार आवडला. मागून, वरून येणाऱ्याने पुढच्याला, खालच्याला सांभाळावयाचे. खालचा हळू का जातो, मध्येच का थबकतो, हे विचारण्याचा अधिकार वरच्याला नाही. त्या रात्री सूप इतके तिखट होते की वृद्ध धर्मगुरूंनी डोळे पुसत दुसरी वाटी मागितली. कार्निव्हलचे तळलेले गोड फ्राप्पे, पत्त्यांचा स्कोपा, पोलिश आणि मल्याळी गाणी, आणि आमची दोन मराठी. शेजारच्या लाकडी घरांतली मंडळीही येऊन बसली.

मंगळवारी सकाळी आम्ही खुर्च्यांच्या पाळण्याने वर जावयास निघालो. रांगेत उभे असता डोंगरमाथ्यावर ढग उतरू लागला. पाळणा चालू होता, वाट उघडी होती, माणसे वर जात होती. केरळच्या मित्राने हलकेच म्हटले, "मला नको वाटते." पोलिश मित्राने एकदा माथ्याकडे पाहिले, आणि पहिला तोच रांगेतून बाहेर पडला. पाचही परत फिरलो आणि खानावळीत बसून दाट चॉकलेट प्यालो. वर गेलेले लोक तासाभराने हसतखेळत सुखरूप खाली आले. काही झाले नाही. पाचांपैकी कोणीही तो विषय पुन्हा काढला नाही, आणि दुपारी आम्ही रोमची वाट धरली.

पाच वर्षांनी, २४ जानेवारी २०१७ रोजी, त्याच काम्पो फेलिचेमधून पाय मोडलेल्या एका स्कीपटूस घेऊन लाक्विलाच्या रुग्णालयाकडे निघालेले बचावपथकाचे हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरावर आदळले. तो जखमी गृहस्थ, वैमानिक, तंत्रज्ञ, डॉक्टर, परिचारक आणि पर्वतीय बचावपथकाचा स्वयंसेवक असे सहाही दगावले. सहाच दिवसांपूर्वी त्याच प्रांतातील रिगोपियानो येथे एका हॉटेलावर हिमस्खलन होऊन २९ माणसे गेली होती. बर्फावर माणूस पडला की त्याला आणावयास दुसरी माणसे निघतात. हवा कशीही असो, निघतात. ही बातमी वाचून आम्ही टिरोली मित्रास पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले. ते येथे देत नाही.

आमच्या वेळेपेक्षा आता इटलीतले नियम कडक झाले आहेत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. २०२२ च्या आरंभापासून दुसऱ्यास इजा झाल्यास भरपाई देणारा विमा प्रत्येक स्कीपटूस सक्तीचा आहे. पाससोबत तोही तेथेच घेता येतो. शिरस्त्राण पूर्वी फक्त मुलांना सक्तीचे होते. २०२५ च्या हिवाळ्यापासून ते सर्व वयांस लागू झाले. इतर देशांचे नियम निराळे असतील. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. कापसाची विजार घालू नये, ती भिजून गोठते. मोजा एकच, लोकरीचा, पातळ. काळा चष्मा आणि उन्हाचे मलम विसरू नये. बर्फावरचे ऊन आपल्या वैशाखाहून वाईट भाजते.

आम्ही पाचहीजण आता पाच ठिकाणी आहोत. पुन्हा एकदा जमावे असा बेत दरवर्षी होतो, आणि कोणाचे ना कोणाचे काम आडवे येते. तरीही दर डिसेंबरात टिरोली मित्राचा तोच कागद येतो: वय, उंची, वजन, पावलाचे माप, किती येते. आम्ही तो भरून पाठवितो. पावलाचे माप तेच आहे. 'किती येते' या रकान्यात 'पाचर' एवढेच लिहितो. वजन यंदा ब्याऐंशी भरले.